मोठा केलेला स्वर

लोणंद हें गांव कित्येकांस कांद्याच्या बाजारामुळें ठाऊक आहे, वारकऱ्यांस ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामामुळें, आणि पुणें-मिरज लोहमार्गानें जाणाऱ्या-येणाऱ्यांस तेथील स्टेशनामुळें. आम्हांस तें एका जुन्या स्नेह्याच्या घरामुळें ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यांत त्या घरीं आमचा दोन दिवस मुक्काम होता. स्नेह्याचा मुलगा पुण्यास शिकतो आणि गिटार वाजवितो. हल्लीं घरोघर हें वाद्य भिंतीस टांगलेलें दिसतें, त्यांतला हा प्रकार नव्हे. मुलानें मन लावून अभ्यास केलेला आहे व त्याच्या बोटांत गोडवा आहे. दुपारीं जेवणें उरकल्यावर माजघरांत जाजमावर बसून त्यानें आम्हां पांचसहा मंडळींस अर्धा तास वाजवून दाखविलें. त्याच्या आजीबाई खांबास टेकून ऐकत होत्या. वय ऐंशींच्या पलीकडचें, ऐकूं थोडें कमी येतें. वाजविणें थांबल्यावर त्या म्हणाल्या, "पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळतात ना, तसें वाटलें बघ." समीक्षेचा धंदा करीत असूनहि आम्हांस याहून चांगलें वाक्य सुचलें नाहीं.

त्याच संध्याकाळीं गांवांतील तरुणांनीं एका मंगल कार्यालयांत संगीताचा कार्यक्रम ठेविला होता. चारशें खुर्च्या, दोहों बाजूंस पुरुषभर उंचीचे कर्णे, आणि मागें एका टेबलावर असंख्य खुंट्यांची पेटी घेऊन बसलेला माइकवाला. मुलगा तोच, गिटार तीच, चीजहि दुपारचीच. परंतु जो आवाज आला तो खणखणीत, कांचेसारखा टोंचणारा, आणि खालच्या तारेस बोट लागतांच पोटांत गुरगुरणारा असा होता. आजीबाई पहिल्या रांगेंत होत्या. कार्यक्रम संपल्यावर नातू पायां पडावयास आला तेव्हां त्यांनीं निर्मळपणें विचारलें, "अरे, दुपारचें वाद्य घरींच ठेवलेंस का? हें कुणाचें मागून आणलेंस?"

सगळे हंसले, मुलगाहि हंसला. परंतु रात्रीं गच्चीवर त्यानें आम्हांस विचारलें, "काका, आजी म्हणाली तें खरेंच होतें. आज लोकांनीं टाळ्या दिल्या त्या मला कीं त्या पेटीला? मीं जें वाजविलें तेंच त्यांनीं ऐकलें, असें मला म्हणतां येईल का?"

हा प्रश्न वरवर पाहतां विजेच्या दुकानांत सुटण्यासारखा आहे, आणि त्याचा कांहीं भाग खरोखरच तेथें सुटतो. तो भाग आधीं हातावेगळा करूं. गिटारीच्या तारेस स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतो. बारीक तार हवेस कितीशी हालविणार! तिचें कंपन घोडीवाटे खालच्या पातळ फळींत उतरतें, फळी थरथरते, पोटांतली हवा तिच्यासवें डोलते, आणि मग जो ध्वनि बाहेर पडतो त्यास आपण गिटारीचा स्वर म्हणतों. एकोणिसाव्या शतकांत स्पेन देशांतील आंतोनियो दे तोर्रेस या कारागिरानें या पेटीचा आकार व फळीखालच्या पट्ट्यांची मांडणी अशी बसविली कीं, तंतुवाद्य म्हणून ही गिटार आजहि बव्हंशीं त्याच्याच मापानें चालते. परंतु ती दिवाणखान्यापुरती. मोठ्या सभागृहांत तिचा आवाज पुरेना म्हणून पुढें नाना खटपटी झाल्या. १९२७ च्या सुमारास अमेरिकेंत तिच्या पोटांत धातूचे पडदे बसविले गेले. १९३१ सालीं लोहचुंबक लावून तारेचें कंपन सरळ विजेंत उतरविण्याची युक्ति निघाली, आणि तिच्यापुढें पेटीची गरजच उरली नाहीं. लांकडी पेटीच्या गिटारीचा अभिमान सोडावयाचा नसेल तर मात्र आज बहुधा तिसरा मार्ग धरितात: घोडीवरील पट्टीखालीं दाबानें वीज निर्माण करणारा स्फटिक बसवितात. स्फटिकाचा हा गुण क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखवून दिला.

आमच्या मुलाच्या गिटारींतहि हाच स्फटिक होता, आणि पहिला गुन्हेगार तोच. कारण त्यास हवा ऐकूंच येत नाहीं. त्यास कळतो तो तारेचा घोडीवरील दाब. फळीचें डोलणें, पोटांतील हवेचा उमाळा, खोलीच्या भिंतींनीं परत दिलेला घुमारा, यांपैकीं त्याच्यापर्यंत फारच थोडें पोंचतें. एखाद्याच्या कंठास नळी लावून ऐकावें आणि 'हा या गृहस्थाचा आवाज' म्हणून जगास सांगावें, तसा हा प्रकार आहे. शिवाय त्याची प्रकृति नाजूक. त्याच्यापुढें दहा लाख ओहम किंवा त्याहून अधिक रोध असलेलें यंत्र जोडिलें नाहीं तर त्याच्या आवाजांतील खर्ज गळून जातो आणि उरतो तो कोरडा टणत्कार. कार्यालयांतील पेटीस ती सोय नसावी. आणि खर्ज कमी पडतो असें वाटून माइकवाल्यानें तो हातानें भरपूर भरला असावा. कांच आणि गुरगुर, दोहोंचा उलगडा एवढ्यांत होतो.

मग स्फटिक काढून साधा माइक समोर ठेवावा, तर तो हवेंतलें सारें ऐकतो. पण तो ऐकतो यांतच दुसरी अडचण आहे. कर्ण्यांतून निघालेला आवाज सभागृह फिरून पुन्हां गिटारीच्या फळीवर येऊन आदळतो. फळी त्यास साथ देते. ती साथ माइकांत शिरते, मोठी होऊन पुन्हां कर्ण्यांतून येते, आणि क्षणांत तो असह्य हुंकार सुरू होतो जो प्रत्येक सभेच्या आरंभीं आपण कानांवर हात ठेवून ऐकतों. यांत मौज अशी कीं, फळी जितकी सुरेल व संवेदनशील तितका हा धोका अधिक. पोटांतली हवा ज्या स्वरास उत्तम प्रतिसाद देते, म्हणजे गिटारींत सामान्यतः सेकंदास शंभरएक कंपनांचा स्वर, तेथेंच हुंकार पहिला उठतो. म्हणून जाणते लोक पेटीवर तेवढाच स्वर किंचित् दाबतात, कर्णे वादकाच्या पुढें ठेवितात, आणि माइक भोंकावर न रोखतां बाराव्या पडद्याच्या आसपास वीतभर अंतरावर ठेवितात. कारण भोंकातून जो निघतो तो गिटारीचा सारा आवाज नसून केवळ तिच्या पोटाचा असतो. एवढें संभाळलें तर बरेंच साधतें. विजेच्या दुकानाची हद्द येथें संपते.

परंतु समजा, निर्दोष यंत्र मिळालें. त्यानें एकहि कंपन गाळलें नाहीं, एकहि पदरचें घातलें नाहीं. फक्त सर्व कांहीं सारख्या प्रमाणांत मोठें केलें. मग तरी आजीबाईंस दुपारचें वाद्य ऐकूं आलें असतें काय? आम्हांस वाटत होतें कीं आलें असतें. तें चुकीचें आहे, हें आम्हांस फ्लेचर व मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून कळलें. आपल्या कानास सर्व उंचीचे स्वर सारखे ऐकूं येत नाहींत. आवाज मंद असतां खर्जाचे स्वर मधल्या स्वरांच्या मानानें फारच क्षीण भासतात, आणि आवाज वाढत गेला म्हणजे ही तफावत कमी कमी होत जाते. म्हणजे माजघरांत खालच्या तारेचा जो मृदु आधार वाटत होता, तोच, यंत्रानें कांहींएक लबाडी न करतां, दहापट मोठ्यानें ऐकविला तर छातीवर बसतो. नखाचा तारेवरील जो घासरा स्पर्श दुपारीं कानाआड होत होता, तो करवतीसारखा होतो. यंत्र अक्षरशः खरें बोलतें, आणि ऐकणाऱ्याच्या मनांत खोटें उमटतें!

आमच्या मतें मुलाच्या प्रश्नाचा खरा गाभा येथें आहे. प्रामाणिकपणा कोणाशीं राखावयाचा? तारेशीं, कीं कानाशीं? दोहोंशीं एकदम राखतां येत नाहीं, असें निदान मोठेपणाच्या बाबतींत दिसतें.

प्लेटोच्या 'सोफिस्ट' नामक संवादांत हाच पेंच शिल्पाच्या निमित्तानें आला आहे. एलिया नगरीहून आलेला पाहुणा तेथें अनुकृतीचे दोन प्रकार सांगतो. मूळ वस्तूचीं प्रमाणें जशींच्या तशीं ठेवून केलेली ती एक. दुसरी प्रचंड शिल्पाची: वरचा भाग दुरून लहान दिसणार व खालचा जवळून मोठा दिसणार हें जाणून शिल्पकार खरीं प्रमाणें टाकितो आणि जीं सुंदर दिसतील तीं घेतो. या दुसरीस तो आभास म्हणतो, आणि वाक्चातुर्यानें लोकांस भुलविणाऱ्यांची कला याच जातीची ठरवितो. एवढ्या मोठ्या तत्त्ववेत्त्याशीं वाद घालावयाचें आमचें वय उलटून गेलें. तरी एक शंका राहतेच. जो पायथ्याशीं उभा आहे त्याचा अपराध काय? त्याला मूर्ति डोळ्यांसमोर आणून दाखवितां येत नाहीं. मूर्तिकार प्रमाणांस चिकटून राहिला तर त्याची मूर्ति पक्ष्यांपुरती खरी राहील, आणि माणसांस ती बेढब दिसेल.

यावर कांहीं कडवे लोक म्हणतील कीं, मोठेपणाच नको. आंद्रेस सेगोव्हिया हा स्पॅनिश गिटारवादक (१८९३-१९८७) मोठमोठ्या सभागृहांत यंत्राशिवायच वाजवीत असे. लोकांनीं श्वास रोखून ऐकावें ही त्याची अपेक्षा, आणि लोक ऐकतहि. या निष्ठेपुढें आमचें मस्तक नम्र होतें. पण शेवटच्या रांगेतल्या मनुष्याचें काय, हा विचार मनांतून जात नाहीं. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं ध्वनि सहा डेसिबलांनीं उतरतो. सभागृहांत भिंती थोडी मदत करितात, एवढेंच. पुढच्या रांगेस संगीत आणि मागच्या रांगेस संगीताची वार्ता, ही वाटणी कितीहि उदात्त कारणानें केली तरी न्याय्य म्हणतां येणार नाहीं. ज्यांनीं गांवोगांव कीर्तनें ऐकलीं आहेत त्यांस, माइक येण्यापूर्वीं बायकामंडळी कोठें बसत व त्यांस काय ऐकूं येई, हें सांगावयास नको.

शिवाय 'यंत्राशिवायचा तो नैसर्गिक' ही समजूत तरी कितपत टिकते? लोणंदहून त्याच लोहमार्गानें पुढें गेलें कीं मिरज येतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगारांपैकीं फरीदसाहेबांनीं तेथें तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला, आणि तो धंदा अद्याप चालूं आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. पंढरपुराकडचा भोपळा, त्यावर तबली, तिच्यावर घोडी. घोडीचा माथा सपाट वाटला तरी सपाट नसतो. कारागीर तो कानानें ऐकत ऐकत घासतो, मग तारेखालीं सुताचा एक धागा सरकवितो, आणि एका विवक्षित ठिकाणीं धागा आला कीं तंबोरा एकाएकीं बोलूं लागतो. हीच जवारी. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं या प्रकाराचा अभ्यास करून असें दाखविलें कीं, तार जेथें छेडावी तेथें ज्या उपस्वरांची गांठ पडते ते उपस्वर सामान्य नियमानें उमटूं नयेत, तरी तंबोऱ्यांत व वीणेंत ते उमटतात. आणि तें घोडीच्या त्या वक्रतेमुळें. म्हणजे ज्या स्वरास आपण तंबोऱ्याचा स्वभाव म्हणतों तो घासून, धागा घालून, घडविलेला स्वभाव आहे. नुसती तार खुंट्यांवर ताणून छेडली तर तिच्यांत तंबोरा नसतो.

तेव्हां लांकूड तें खरें आणि वीज ती खोटी, ही रेघ आम्हांस पुसावी लागते. मात्र एक भेद शिल्लक राहतो, आणि तो लहान नाहीं. भोपळा स्वतःचें कांहीं घालीत नाहीं. बोटानें जेवढी शक्ति दिली तेवढीच तो हवेस पोंचवितो. आवाज अधिक हवा तर बोटानें अधिक श्रमावें लागतें, आणि श्रमास मर्यादा आहे. वीज ही मर्यादा उठविते. खुंटी पिळणाऱ्यास कांहींच श्रम पडत नाहींत, म्हणून कोठें थांबावें हें त्यास शरीराकडून कळत नाहीं. कायदा थोडें सांगतो: २००० सालच्या नियमांप्रमाणें वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत कर्णे बंद. परंतु कायदा आवाज किती एवढेंच विचारतो. कशासाठीं, हें ज्याचें त्यानें विचारावयाचें.

आणि येथें आम्हांस वाटतें कीं, आवाज 'वाढविणें' व आवाज 'जवळ आणणें' हीं दोन निराळीं कामें आहेत, यंत्र एकच असलें तरी. माजघरांत दोन हातांवर बसलेल्या मनुष्याच्या कानीं गिटार जेवढी पोंचत होती, तेवढीच शेवटच्या रांगेतल्या मनुष्याच्या कानीं पोंचविली, तर कानाच्या त्या दुबळेपणाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. खर्ज फुगत नाहीं, नख करवत होत नाहीं. तेथपर्यंत यंत्र दूताचें काम करितें. त्यापुढें गेलें कीं प्रमाणें बदलणें भाग पडतें. तेंहि कधीं क्षम्य असतें, कारण चारशें माणसें कुजबुजतात, पंखे फिरतात. पण जो बदलतो त्यानें मूळ वाद्य उघड्या कानानें जवळ बसून ऐकलेलें असावें, ही अट आम्ही सोडणार नाहीं. पायथ्याच्या माणसासाठीं मूर्तीचीं प्रमाणें बदलणाऱ्या शिल्पकारानें मनुष्याचा चेहरा पाहिलेला असतो. कार्यालयांतील माइकवाल्यानें ती गिटार त्या संध्याकाळपूर्वीं ऐकलेली नव्हती, आणि नंतरहि नाहीं. त्यानें ऐकला तो फक्त आपल्या कर्ण्याचा आवाज.

आषाढीच्या आधीं पालखी नीरा ओलांडते, पादुकांस नीरास्नान होतें आणि सोहळा लोणंदास येतो, तेव्हां या गांवांत आणखी एक तंतुवाद्य दिसतें. प्रत्येक दिंडींत विणेकरी असतो. त्याच्या गळ्यांतील वीणा टाळमृदंगाच्या कल्लोळांत दोन हातांवरहि ऐकूं येत नाहीं, आणि ती ऐकूं येत नाहीं म्हणून कोणी तक्रार करीत नाहीं. ती ज्याच्या छातीशीं आहे त्यास ती लागते. अलीकडे कांहीं दिंड्यांबरोबर बॅटरीचे कर्णे दिसतात; अभंग मागच्यांस कळावा म्हणून असतील तर त्यांत वावगें नाहीं. पण वीणेस कोणी स्फटिक लावीत नाहीं, ही गोष्ट आम्ही समाधानानें नोंदवितों. प्रत्येक स्वरास सर्वांपर्यंत जाण्याची हौस असतेच असें नाहीं.

हें सर्व लिहितांना आम्ही स्वतःस वगळूं शकत नाहीं. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गांत आम्ही वर्षानुवर्षें शिकविलें; पुढें वर्ग मोठे झाले, माइक आला, आणि कधीं कधीं सातआठशेंच्या सभांतून व्याख्यानें देण्याचा प्रसंग येऊं लागला. एकदां अशा एका व्याख्यानाची ध्वनिमुद्रिका एका विद्यार्थ्यानें आम्हांस ऐकविली. वाक्यें आमचींच होतीं. पण वर्गांत ज्या वाक्यापूर्वीं आम्ही 'बहुधा' म्हणतों तेथें 'बहुधा' नव्हतें. 'याच्या उलटहि म्हणतां येईल' हें उपवाक्य कोठें गेलें होतें कोण जाणे! कर्ण्यांतून शंका नीट जात नाहीं, ती अडखळल्यासारखी वाटते. विधान मात्र खणखणीत जातें. म्हणून कोणी न सांगतां, आम्हीं स्वतःच, माइकापुढें उभें राहतांच शंका गाळण्याची संवय लावून घेतली होती. टाळ्या पडत होत्या. त्या विद्यार्थ्यानें अदबीनें विचारलें, "सर, वर्गांत तुम्ही असें म्हणत नव्हतां ना?" लोणंदच्या आजीबाईंचा प्रश्न ऐकतांना आम्हांस तोच आठवला, आणि मुलास उत्तर देण्याऐवजीं आम्ही बराच वेळ गप्प बसलों.

फाल्गुनांत त्या मुलाचें पुन्हां त्याच कार्यालयांत वादन झालें. आम्ही मुद्दाम गेलों होतों. या खेपेस त्यानें स्फटिकासाठीं योग्य ती जोडपेटी आणली होती व शेजारीं एक माइक घेतला होता. परंतु आम्हांस महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. त्यानें माइकवाल्यास दुपारींच घरीं जेवावयास बोलाविलें आणि जेवणानंतर माजघरांत दोन हातांवर बसवून त्यास वाजवून दाखविलें. तो गृहस्थ प्रथम संकोचला; वीस वर्षें या धंद्यांत असून कोणीं त्यास असें बसवून ऐकविलें नव्हतें, असें तो म्हणाला. संध्याकाळीं त्यानें खुंट्या फिरविल्या त्या बहुतेक खालच्या बाजूस.

चीज सुरू झाली तेव्हां सभागृहांत एकदम शांतता नव्हती. मागून दोघेतिघे ओरडले, "आवाज वाढवा!" मुलानें वर पाहिलें. माइकवाल्याचा हात खुंटीवर होता व नजर मुलाकडे. मुलानें मान हालविली, आणि तो वाजवीत राहिला. कांहीं लोक उठून गेले. आम्हीं मोजले नाहींत, पण मागच्या तीन रांगा विरळ झाल्या. कांहीं उठून पुढें आले आणि व्यासपीठाजवळच्या सतरंजीवर बसले. आजीबाई या वेळीं आल्या नव्हत्या. थंडीनें त्यांचे गुडघे धरले होते. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यांस सांगितलें तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, उठून गेले ते तिकीट काढून आले होते कीं फुकट.

रात्रीं सामान आवरतांना माइकवाला आपल्या पेटीवरील खुंट्यांच्या जागा खडूनें खुणावून घेत होता. आम्हीं म्हटलें, पुढचें सभागृह निराळें असेल, वाद्य निराळें असेल, या खुणा तेथें उपयोगी पडावयाच्या नाहींत.

"नाहींच पडायच्या, सर," तो म्हणाला. "पण खडूच्या खुणा आहेत. पुसायला किती वेळ लागतो?"